सेटिंग लिहून ठेवा

वणीत मी उर्दू आणि मराठी शिकवतो. प्रश्नपत्रिकेत एक ओळ उजवीकडून, दुसरी डावीकडून. इमॅक्स या मोफत संपादकात २०१२ च्या चोविसाव्या आवृत्तीपासून हे नीट जमते. पण उर्दू नस्तालीकमध्येच हवी, तर नोटो नस्तालीकसारखा फाँट आपणच सांगावा लागतो. मेनूत क्लिक करून ठेवलेले संगणक फॉरमॅट झाला की जाते. मग पुन्हा दुकानदाराची वाट पाहा.

म्हणून माझे म्हणणे: कोणती बटणे दाबायची ते लक्षात ठेवू नका, काय हवे ते फाइलमध्ये लिहा. उर्दूची एक फाइल, मराठीची एक. मुख्य फाइल दोघींना बोलावते. एकीत बिघाड झाला तर तिला वगळून दुसरी चालते. पेन ड्राइव्हवरून सहकाऱ्यालाही देता येते. आपली लिपी पडद्यावर कशी दिसावी, हे आपल्याच हाती हवे.