छपराखालचं हेल्मेट

मोटार चालवणाऱ्याला हेल्मेट कशाला, या प्रश्नावर आमच्या हिंगणघाटात सध्या संपूर्ण एकमत आहे. नगरपालिकेच्या निवडणुकीत दिसत नाही इतकं एकमत आहे. आणि ते साफ चूक आहे, हे सांगण्यासाठीच मी आज लेखणी उचलली आहे.

विषय निघाला आमच्या भाच्यापायी. पुण्याला कॉम्प्युटरवर डोकं चालवतो आणि सुट्टीत गाडी. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० पासूनचा पावणेचार किलोमीटरच्या आसपासचा ट्रॅक आहे. तिथं पैसे भरून हौशी मंडळी आपली गाडी भरधाव पळवतात. बक्षीस नाही, कप नाही. गोल फिरायचं आणि निघालो तिथंच परत यायचं. (बँकेत एकवीस वर्षं मीही हेच करतोय, फक्त मला त्याचे पैसे मिळतात.) तर या हौसेसाठी भाच्याला हेल्मेट हवंय, आणि त्याने काढलेली किंमत आहे पस्तीस हजार रुपये.

आकडा ऐकून आमचे मेहुणे खुर्चीत बसलेले होते ते उभे राहिले आणि उभे असलेले शेजारी बसले. मग सल्ले सुरू झाले. पानठेल्यावरचा पहिला सल्ला असा : "कारले तं छप्पर रायते ना जी, मंग टोपी कायले?" दुसरा : "पंधराशेत नवं आयएसआय मिळते, पस्तीस हजार कायले घालवता?" तिसरा आमच्या शाखेतल्या कॅशियरसाहेबांचा : "माझं स्कूटरचं पडूनच आहे. पोराला नेऊ द्या. जुनं आहे, पण मजबूत आहे."

आता एकेकाचा हिशोब घेऊ.

छपराचं म्हणाल, तर भानगड छपरामुळेच आहे. स्कूटरवाला पडला की गाडीपासून सुटतो आणि त्याचं डोकं रस्त्यावर आपटतं. मोटारवाला पट्ट्याने सीटला बांधलेला. गाडी उलटली की तो जागेवरच राहतो आणि डोकं घड्याळाच्या लंबकासारखं हेलकावे खातं. खांब, दाराची चौकट, आणि शर्यतीच्या गाडीत छपराखाली बसवलेला लोखंडी नळ्यांचा पिंजरा, यांपैकी जे जवळ असेल त्यावर आपटतं. आणि एकदाच आपटून थांबेल याची खात्री नाही. त्यात बंद डब्यात पेट्रोल. म्हणून मोटारीच्या हेल्मेटला दोन जादा परीक्षा असतात. एक नळीवर आपटण्याची, दुसरी आगीची, म्हणजे आतलं अस्तर पेट घेऊ नये याची. दुचाकीच्या हेल्मेटला या परीक्षा नसतात. त्याचं काम निराळं, त्याचा पेपर निराळा.

हा पेपर काढणाऱ्या संस्थेचं नाव स्नेल. हे कोणा शास्त्रज्ञाचं किंवा कारखानदाराचं नाव नव्हे. पीट स्नेल हा अमेरिकेतला हौशी मोटार शर्यतपटू, आमच्या भाच्याच्याच जातकुळीतला. १९५६ साली शर्यतीत त्याची गाडी उलटली. डोक्यावर हेल्मेट होतं. ते त्या काळी चांगलं म्हणूनच विकलं जात होतं, पण डोकं वाचवू शकलं नाही. दुसऱ्या वर्षी, १९५७ मध्ये, त्याच्या मित्रांनी आणि डॉक्टरांनी त्याच्या नावाने संस्था काढली : हेल्मेट आपटून, फोडून बघायचं आणि टिकलं तरच शिक्का द्यायचा. मोटारीच्या हेल्मेटला 'एसए', मोटरसायकलच्या हेल्मेटला 'एम'. पुढे वर्ष असतं. एसए २०१५, एसए २०२०, असा दर पाच वर्षांनी नियम नवा होतो, आणि फार जुना शिक्का ट्रॅकवाले स्वीकारत नाहीत. दारावरचा माणूस वरचा रंग बघत नाही, अस्तर बाजूला करून आतलं लेबल बघतो.

आयएसआयशी माझं भांडण नाही. दुचाकीसाठी ते हवंच. जून २०२१ पासून दुचाकीचं बिनशिक्क्याचं हेल्मेट विकणंसुद्धा गुन्हा आहे. गंमत म्हणजे भाचा ते पस्तीस हजारांचं घालून स्कूटरवरून निघाला, तर त्यावर आयएसआय नाही म्हणून पोलीस त्याची हजाराची पावती फाडू शकतो, आणि त्यात पोलिसाचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

राहिलं कॅशियरसाहेबांचं जुनं हेल्मेट. हेल्मेटमध्ये काम करतो तो आतला थर्माकोलसारखा थर. तो स्वतः चेपतो आणि धक्का पोटात घेतो. एकदा चेपला की परत फुगत नाही. बाहेरून कवच चकचकीत, आत खेळ खलास. म्हणजे वटलेला चेक. साहेब, तुमच्या खिडकीवर कोणी वटलेला चेक परत घेऊन आला तर तुम्ही त्याला "मजबूत आहे" म्हणून पैसे द्याल का? शिवाय मार न लागलेलं हेल्मेटही घाम, तेल आणि वय यांनी उतरतं; स्नेलवालेच पाच वर्षांनी बदला म्हणतात. तुमच्या हेल्मेटात गेल्या दिवाळीपासून वहिनी लसूण ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आपल्या गावाला हे कळू नये याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे कापसाची गाडी आली की व्यापारी वरच्या पांढऱ्या रंगाला भुलतो का? आत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस उपसतो, चिमटीत धागा ओढून लांबी बघतो, मग भाव बोलतो. तोच व्यापारी पोराला हेल्मेट घेताना विचारतो, "लाल आहे का?"

आणि माप! दोन भुवयांच्या वर टेप धरून डोक्याचा घेर मोजायचा, त्या आकड्याचं हेल्मेट घालायचं, गाल दाबले गेले पाहिजेत, मान हलवली तर हेल्मेट मागे राहता कामा नये. वीस मिनिटं घालून बसायचं. कपाळावर एकाच जागी ठणकलं तर ते आपलं नव्हे. पट्टा बांधून मागून वर ओढायचं. निघालं तर दुकानदाराला नमस्कार. शेवटी आपल्याच गाडीत बसून बघायचं, नाहीतर छप्पर आणि हेल्मेट यांची रोज टक्कर. हिंदुस्थानची त्रिकोणमितीने मोजणी सुरू करणारा कर्नल लॅम्बटन १८२३ साली मोजता मोजता याच हिंगणघाटात वारला. देश मोजणारा माणूस ज्या गावात पुरलाय, तिथं भाच्याचं डोकं मोजायला टेप शिंप्याकडून उसनी आणावी लागली. घेर निघाला अठ्ठावन्न सेंटिमीटर. मेहुणे म्हणाले, "आत काही असतं तर जास्त भरला असता."

मेहुण्यांसाठी दोन शब्द कॉमर्सचे. पस्तीस हजार, आयुष्य पाच वर्षं, भंगार किंमत शून्य : घसारा वर्षाला सात हजार. लग्नात वरातीच्या बँडला आपण किती दिले, ते मी इथं छापत नाही.

भाच्याचीही बाजू मी पूर्ण घेत नाही. त्याला कार्बन फायबरचं हवंय, वर ज्वाळांची चित्रं, म्हणजे साठ हजारांच्या पुढे. शिक्का तोच, परीक्षा तीच. जादा पैसे वजनाचे आणि चित्रांचे. मी सांगितलं, साधं फायबरग्लासचं घे, पांढरं, एसए २०२० चं, कानामागे मानेच्या आधाराचे खिळे बसवायची भोकं असलेलं. पुढे गाडीत शर्यतीचे पट्टे बसवलेस की ती लागतील. ज्वाळा हव्या असतील तर आजीकडून कापडाच्या पिशवीवर भरतकाम करून घे आणि हेल्मेट त्यात ठेव. निम्मे पैसे मी घालतो. उरलेल्या निम्म्यांबद्दल मेहुणे सोमवारी शाखेत येऊन बोलणार आहेत.