दगडाचं सर्टिफिकेट मागता, दाव्याचं कधी मागणार?

मोबाइल उघडला की जाहिरात येते. 'ओरिजिनल नीलम, सव्वापाच रत्ती, लॅब सर्टिफाइड, फक्त 699 रुपये.' खाली साडेसातीवर उपाय, नोकरीत यश, शत्रूवर मात. ही जाहिरात पाहून खडा मागवणाऱ्यांत आपली पोरंही आहेत. स्पर्धा परीक्षेची चौथी खेप देणारी, कंत्राटी नोकरीत पिचलेली, घरच्यांचं टोमण्यांचं ओझं वाहणारी. खांद्यावर निळा झेंडा आणि बोटात शनीचा निळा खडा, हे दृश्य आता दुर्मीळ राहिलेलं नाही. खडा घरी आला की एकच प्रश्न विचारला जातो, 'हा खरा आहे का हो?'

प्रश्न अर्धाच आहे, पण आधी त्या अर्ध्याचं उत्तर नीट समजून घेऊ. अज्ञानावर चालणाऱ्या धंद्याशी अज्ञानानेच लढता येत नाही.

माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची दोन रूपं. खनिजाचं नाव कोरंडम, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्यात क्रोमियमचा अंश आला की लाल माणिक, लोह आणि टायटॅनियमचा आला की निळा नीलम. सूर्याचा आणि शनीचा म्हणून वेगवेगळ्या किमतीला विकलं जाणारं हे रत्न मुळात एकच. पिवळा पुष्कराज म्हणून जो विकतात, तोही खरा असेल तर कोरंडमच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुई याने 1902 मध्ये भट्टीत कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं कारखान्यातला माणिक बाजारात आहे. रसायन तेच, कठीणपणा तोच, चमक तीच, किंमत मात्र नगण्य.

म्हणून घरगुती परीक्षा फसव्या आहेत. 'काचेवर ओरखडा उठला तर खरा' असं सांगतात. कारखान्यातला खडाही काचेवर तितकाच ओरखडा उठवतो. 'दुधात टाकला की दुधाला रंगाची झाक येते' हीसुद्धा परीक्षा नव्हे, लाल काचही तेच करते. 'तीन रात्री उशीखाली ठेवा, स्वप्न वाईट पडलं तर मानवत नाही' यात तर दगडाची नव्हे, तुमच्या भीतीची परीक्षा होते.

खरी तपासणी प्रयोगशाळेत होते. प्रकाश खड्यात शिरताना किती वळतो ते मोजतात: कोरंडमचा अपवर्तनांक सुमारे 1.76 ते 1.77, क्वार्ट्‌झचा 1.54 ते 1.55. घनता मोजतात: कोरंडमची 4, क्वार्ट्‌झची 2.65. पुष्कराज म्हणून सुनेला गळ्यात मारला असेल तर इथेच उघडं पडतं. मग सूक्ष्मदर्शक. भट्टीतल्या खड्यात वाढीच्या रेषा वक्र दिसतात, कधी वायूचे बुडबुडे दिसतात. नैसर्गिक खड्यात त्या रेषा सरळ असतात.

आणि 'नैसर्गिक' या शब्दातही पळवाट आहे. भेगाळलेल्या, कवडीमोल माणकात शिशाची काच भरून तो लखलखीत करतात. निळ्या खड्यासाठी कोबाल्टने रंगवलेली काच वापरतात. विकणारा 'नॅचरल' म्हणतो आणि तांत्रिकदृष्ट्या सुटतो, कारण आत थोडा माणिक असतोच. असा खडा लिंबाच्या रसानेही खराब होऊ शकतो. चांगल्या रंगाचा, स्वच्छ, प्रक्रिया न केलेला चार-पाच कॅरटचा नीलम लाखांत जातो. तो 699 रुपयांत देणारा कुणी दानशूर या जगात नाही. त्या पैशात काच, भट्टीतला खडा किंवा रद्दी दर्जाचा दगड, एवढंच येतं.

मापातही खोट आहे. कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम, हे ठरलेलं. रत्ती मात्र ठरलेली नाही. गुंजेच्या वजनाची रत्ती सुमारे 0.12 ग्रॅम, रत्नबाजारात चालते ती सुमारे 0.18 ग्रॅम. सव्वापाच रत्ती म्हटल्यावर एका मापाने सव्वातीन कॅरटही भरत नाही, दुसऱ्याने पावणेपाचच्या आसपास जातं. मधला फरक कुणाच्या खिशात जातो? आणि पाकिटातलं ते चकचकीत कार्ड? ज्या प्रयोगशाळेचं नाव त्यावर छापलंय, तिच्याच संकेतस्थळावर जाऊन अहवाल क्रमांक तपासा. प्रक्रियेचा रकाना वाचा. विक्रेत्याने स्वतःच छापलेलं कार्ड म्हणजे चोराने स्वतःला दिलेला चारित्र्याचा दाखला.

आता उरलेला अर्धा प्रश्न. समजा, खडा खरा निघाला. मग?

मित्रांनो, या धंद्याची खरी मेख इथे आहे. परीक्षा पास झालात तर खड्याचा गुण. नापास झालात तर 'खडा नकली होता, आमच्याकडचा अस्सल घ्या.' म्हणजे दावा कधीच हरत नाही, हरतो तो गिऱ्हाईक. 699 चा स्वस्त खडा हा 70 हजारांच्या खड्याचा शत्रू नाही, त्याचा दलाल आहे. 'खरा की खोटा' या चिंतेत तुम्ही अडकलात की 'मुळात दगडाने नशीब बदलतं का' हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. दगड कोरंडम आहे, एवढं प्रयोगशाळा सांगेल. तो शनीला शांत करतो, असा अहवाल जगातली कुठलीच प्रयोगशाळा देत नाही. दगडाचं सर्टिफिकेट मागणाऱ्याने दाव्याचं सर्टिफिकेटही मागितलंच पाहिजे.

या रत्नशास्त्राची वंशावळही पाहा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्याचे रंगसुद्धा वर्णांनुसार वाटलेले आहेत. ब्राह्मणाला पांढरा, क्षत्रियाला तांबडा-पिवळा, शूद्राला काळसर. हिऱ्यात पिवळेपणा येतो नायट्रोजनमुळे. कार्बनला जात नसते, पण या शास्त्राने दगडालाही जात चिकटवली. उलट दीघ निकायातलं ब्रह्मजाल सुत्त उघडा. मण्यांची लक्षणं सांगून पोट भरणं, हे तिथे बुद्धाने वर्ज्य मानलेल्या हीन विद्यांच्या यादीत आहे. दोन परंपरा समोर आहेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी यातली एक निवडली. आपल्याला तीन रत्नं मिळाली: बुद्ध, धम्म, संघ. ती रत्तीवर विकत मिळत नाहीत.

कुणी म्हणेल, 'आम्ही हौसेने घालतो, ग्रहाबिहासाठी नाही.' जरूर घाला. सौंदर्यावर कुणाची मक्तेदारी नाही आणि आपल्या माणसांना दागिने घालायचीही बंदी होती, हे विसरता येत नाही. पण मग काचेला काचेची किंमत द्या. स्वस्ताईची दुसरी बाजूही ठाऊक असू द्या. गुजरातेत खंबातला अकीक घासणारे गरीब कारागीर दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होऊन मरत आले आहेत. कुणाचं तरी आरोग्य सुधारणारा म्हणून विकला जाणारा मणी घडवणाऱ्याचीच फुप्फुसं खातो, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

फसवणूक झाली असेल तर नशिबाला दोष देत बसू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं आहे. नाही दिलं तर 1915 वर फोन करा आणि जिल्हा ग्राहक आयोगात जा. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

रोग बरा करण्याचा दावा असेल तर तावीज-कवचांच्या अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने चमत्काराचा दावा करून यंत्रं विकणाऱ्या टीव्ही जाहिराती जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. मोबाइलवर ग्रहरत्नं विकणाऱ्यांना हाच प्रश्न विचारायला आपल्या तालुक्यातल्या तरुण वकिलांनी पुढे आलं पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत, वाचनालयात, वसतिगृहात हा विषय काढावा. अंगठी घातलेल्या पोराची टर उडवू नका. तो हताश आहे म्हणून तिथे गेलाय. रखडलेली भरती, थकलेली शिष्यवृत्ती हे त्याचे खरे ग्रह आहेत, आणि ते मंत्रालयात बसलेत. त्यांची दशा बदलायला मोर्चा लागतो, अर्ज लागतो, संघटना लागते. तिथे त्याचा हात धरून त्याला सोबत न्या.

जयभीम!