बोटाला उत्तर हवे

दुधनीच्या मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या आमच्या एका नातलगाची मुलगी लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेची तयारी करते. घरी संगणक नाही, म्हणून ती मोबाईलच्या काचेवर टाईप करून सराव करायची. क्लासला खऱ्या कळफलकावर बसली, तर मान सारखी खाली! मला म्हणाली, "काका, घरी बोटं पळतात, इथं अडखळतात. असं का?"

वाचकहो, कारण साधे आहे. कळ दाबली की ती खाली जाते, टक् करते, पुन्हा वर येते. म्हणजे ती बोटाला उत्तर देते. एफ आणि जे या कळांवर तर बारीक उंचवटे असतात. त्यावरून न पाहता बोटे आपापल्या जागी येतात. काच मात्र मुकी असते.

ही अडचण मोठ्यांनाही आली. ॲपल कंपनीने २०१६ साली आपल्या मॅकबुक प्रो लॅपटॉपवर, आकड्यांच्या वरच्या ओळीत, कळांऐवजी स्पर्शाची काचपट्टी बसवली. तिचे नाव टचबार. एस्केपची कळसुद्धा काचेवर गेली. बोट लागले की नाही, हे समजेना. त्यावर हॅप्टिककी नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर तयार झाले. त्याची युक्ती पाहा. या लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडखाली विद्युतचुंबक असतो. तो पाटीला हलकासा धक्का देतो आणि आपल्याला 'क्लिक' झाल्यासारखे वाटते. लॅपटॉप बंद असेल तर ती क्लिकही होत नाही! टचबारला बोट लागले की सॉफ्टवेअर हाच चुंबक हलवते. धक्का बसतो खाली, पण जाणवतो हाताला. एक रुपयाचाही नवा सुटा भाग लागत नाही.

मात्र हे उत्तर बोट टेकल्यानंतरचे आहे. कळ कुठे आहे, हे ते आधी सांगू शकत नाही. कंपनीनेही २०१९ मध्ये एस्केपची खरी कळ परत आणली, २०२१ च्या मोठ्या नव्या लॅपटॉपवर सगळी ओळ परत आली आणि २०२३ मध्ये टचबारचा शेवटचा लॅपटॉपही बंद झाला.

यातून आपण काय घ्यावे? मोबाईलवरही अशी सोय आहे. जीबोर्ड असेल तर सेटिंग्जमध्ये प्रेफरन्सेस उघडा आणि 'हॅप्टिक फीडबॅक ऑन कीप्रेस' सुरू करा. प्रत्येक अक्षराला फोन थरथरेल. निरोप लिहायला ते छान आहे.

परीक्षेची गोष्ट वेगळी. तिथे मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द, इंग्रजीचा ४० लागतो. तो काचेवर कमावता येत नाही. त्यासाठी लॅपटॉपच हवा, असेही नाही. साधा वायरचा कळफलक काही शे रुपयांत मिळतो आणि ओटीजी जोडणीने बहुतेक अँड्रॉइड फोनला लागतो. फोन भिंतीला टेकवून ठेवा, कळफलक पुढ्यात घ्या. परीक्षेला मराठीची कोणती कळरचना आहे, ते मात्र आधी विचारून घ्या.

त्या मुलीच्या बापाने दोन दिवसांच्या हमालीतून कळफलक आणला. आता रात्री घरात टक्टक् चालते. आई म्हणते, "झोप लागत नाही गं." पण थांब म्हणत नाही.