सायकलीला तीन फूट वाट ठेवा



या पानावर एरवी मी बेणेप्रक्रिया, लागणीच्या तारखा, खोडव्याची निगा आणि पाचट न जाळणे याविषयी लिहीत असतो. आज विषय जरा निराळा आहे. "साहेबांना हे मध्येच कुठून सुचलं?" असे काही जण म्हणतील. परंतु गोष्ट शेवटी आपल्याच शिवारापाशी येऊन थांबते, तेव्हा पूर्ण वाचावे ही विनंती.

गेल्या भाद्रपदात, आडसाली लागणीच्या नोंदी आटोपल्यावर, चार दिवस रजा काढून मी सासवडला बहिणीकडे गेलो होतो. भाचा पुण्यात नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी तो गिअरची सायकल घेऊन दिवे घाट चढून घरी येतो. मला म्हणाला, "मामा, पूर्वी सायकलीवर अख्खा गट फिरायचो म्हणून तुम्ही नेहमी सांगता. मग चला की उद्या!" मित्राची एक सायकल त्याने मागून आणली. माझे वय शेहेचाळीस, पोटही थोडे सुटलेले. पण भाच्यासमोर नाही कसे म्हणायचे? गेलो.

पहिल्या दिवशी सासवडहून नारायणपूरचा रस्ता धरला. पुरंदर तालुक्यातला रस्ता सारखा वर-खाली होत जातो. चढ आला की भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरसारखा खालचा गिअर टाकायचा आणि दम न सोडता सावकाश चढायचे. माथ्यावर आले की पुढचा सगळा पल्ला नजरेत येतो, आणि उताराला तर पायडल मारावेच लागत नाही. कानात नुसता वारा. दोन्ही अंगांना अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा, मधल्या पट्ट्यात वाटाणा. तो भाग पावसाचा नव्हे. आपल्यासारखे पाटाचे पाणी तिथे बहुतेकांच्या नशिबी नाही. तरी त्या लोकांनी माळ उकरून फळबागा उभ्या केल्या. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगीच नव्हे.

नारायणपूरला नारायणेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे, आणि वर पुरंदरचा किल्ला. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ साली याच गडावरचा. १६६५ साली मिर्झा राजांनी वेढा घातला आणि तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले, हे आपण शाळेत पाठ केलेले आहे. मोटारीतून जाताना पुरंदर म्हणजे पाटीवरचे एक नाव. सायकलीवरून मात्र गड सारखा डोळ्यांसमोर राहतो, दर वळणाला वेगळा दिसतो. पायथ्याची चढण मांड्यांना लागली, तेव्हा हा गड घ्यायला आणि राखायला काय पडले असेल, ते मला प्रथम कळले.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला निघालो. कऱ्हेच्या काठचे संगमेश्वराचे देऊळ पाहिले, पुरंदऱ्यांचा वाडा बाहेरून पाहिला, आणि जेजुरीला खंडेरायाला हात जोडून मोरगावच्या रस्त्याला लागलो. रस्त्याला वर्दळ बेताची. एका बागेच्या कडेला एक आजीबाई सीताफळे निवडत बसल्या होत्या. आम्हाला थांबवून म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचं कुठं निघालाय बाबांनो? हे खावा आधी." पैसे घेतले नाहीत. मी वीस वर्षे मोटारसायकलीवर फिरतो आहे. अनोळखी माणसाने हाक मारून थांबवल्याचे मला आठवत नाही. आठवणार कसे? हाक ऐकू येईपर्यंत मी पुढच्या वळणावर गेलेला असतो.

परतताना मला माझी नोकरीची पहिली वर्षे आठवली. २००२ साली कृषी पदविका घेऊन मी शेती मदतनीस म्हणून लागलो, तेव्हा जवळ फक्त एक जुनी काळी सायकल होती. रस्त्याने जाता जाता फडातला काणीचा काळा चाबूक दिसायचा. एखाद्या कोपऱ्यात ऊस मलूल दिसला की सायकल बांधाला टेकवून मुळाशी उकरायचे, हुमणी हाताला लागायची. सभासद दिसला की पाय टेकून दोन शब्द व्हायचे. आज गाडी आहे, फोन आहे, नोंदी जागेवर होतात. पण काणीची बातमी मला सभासदाने फोन केल्यावर लागते, आणि तोवर निम्मा फड गेलेला असतो. पीक पाहण्याचा एक वेग असतो, आणि माझ्या मते तो सायकलीचा आहे.

म्हणून घरी आल्यावर ठरवले, की आठवड्यातून दोन दिवस तरी गटातली फेरी सायकलीने करायची. आणि इथेच खरी अडचण सुरू झाली.

पुरंदरच्या त्या आतल्या रस्त्यांवर डांबराच्या कडेला मुरमाची पट्टी होती. मागून गाडी आली की आम्ही पट्टीवर उतरत होतो. आपल्याकडे किती ठिकाणी अशी पट्टी शिल्लक आहे? आपण डांबरापर्यंत नांगरून घेतले आहे. वळणावरही ऊस अगदी कडेला लावतो, त्यामुळे समोरचे वाहन अंगावर येईपर्यंत दिसत नाही. केजव्हील न काढता ट्रॅक्टर रस्त्याने नेतो आणि नवे डांबर फोडतो. आणि गळिताचा हंगाम सुरू झाला की अंधारात काय चालते, ते वेगळे सांगायला नको.

मी ते अंगावर घेतलेले आहे. २००४ च्या जानेवारीत रात्री आठच्या सुमारास गट ऑफिसातून परत येताना रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मी सायकलीसकट आदळलो. ट्रॉलीला दिवा नव्हता, लाल परावर्तक नव्हता. असता तरी लोंबणाऱ्या उसाने झाकला असता. मनगट मोडले, सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये गेले. पावसाळी हवेत आजही ते दुखते. मी थोडक्यात सुटलो. त्याच रस्त्याने आपली मुले-मुली सायकलीवर शाळेला जातात, शिकवणी आटोपून दिवे लागल्यावर परत येतात. सगळी माझ्यासारखी थोडक्यात सुटतील याची हमी कोण देणार?

यात मी दुसऱ्याला दोष देऊन मोकळा होत नाही. हंगामात "गाडी थांबवू नका, ऊस कमी पडतोय" असे फोन मीच करतो. "मागे परावर्तक आहे का?" असे मी आजवर एकदाही विचारलेले नाही. ही माझी चूक आहे.

साइडपट्टीचा विषय निघाला की सभासद म्हणतात, "साहेब, जमीन आमच्या सात-बाऱ्यावर आहे. रस्त्याला आधीच दिलीय, अजून किती द्यायची?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच करू. शंभर मीटर लांबीला तीन फूट सोडले तर एक गुंठाही भरत नाही. एकरी चाळीस टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन. म्हणजे शंभर मीटरला फार तर एक टन उसाचा प्रश्न आहे, आणि कडेची ती सरी तशीही जनावरांनी आणि वाहनांनी तुडवलेली असते. तिचा पुरा टन कुणाच्या पदरात पडतो? शिवाय आपण नांगरतो ती पट्टी बहुतेक ठिकाणी मुळात रस्त्याचीच असते, हेही मनाशी मान्य करावे.

तेव्हा माझी सभासदांना कळकळीची विनंती अशी. डांबराच्या कडेची तीन फूट जागा मोकळी सोडावी आणि वळणावर आणखी थोडी. ट्रॉली असो वा बैलगाडी, मागे लाल परावर्तक लावावा आणि तो उसाने झाकणार नाही असे भरावे. गाडी पंक्चर झाली तर चाकाला लावलेले दगड निघताना बाजूला टाकूनच निघावे. ते दगड अंधारात सायकलवाल्याचा जीव घेतात. आणि रस्त्याकडेचे झाड सावलीने ऊस मारते म्हणून त्याच्या बुडाशी पाचट पेटवू नये.

कारखान्याकडूनही काही व्हायला हवे. परावर्तक नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊ नये, असे माझे वैयक्तिक मत आहे. पहिले चार दिवस ओरड होईल, गव्हाणीला थोडा ऊस कमी पडेल. पाचव्या दिवशी सर्व ट्रॉल्यांना परावर्तक दिसतील. संचालक मंडळाने हंगामापूर्वी याचा विचार करावा.

सुटीच्या दिवशी शहरातली पोरे डोक्याला टोप घालून सायकलीवर आपल्या भागात येतात, तेव्हा आपण हसतो. "काय राव, घरी पेट्रोलला पैसे नाहीत काय?" असे मीही विचारलेले आहे. आता विचारणार नाही. आपल्या शिवारातली सकाळ, जुनी देवळे, पाटाच्या कडेची झाडे पाहायला ती पोरे इतक्या लांबून घाम गाळत येतात. आपण मात्र दारातून गाडीवर बसतो आणि थेट चौकात उतरतो.

घरात सायकल असेल तर एकदा हवा भरून, पहाटे, आपल्याच फडाच्या रस्त्याने दोन-चार मैल जाऊन पाहावे. पीक दिसेल, शेजारी भेटेल, आणि आपण रस्त्याची काय अवस्था केली आहे तेही दिसेल. मग या लेखावर जे बोलायचे ते गट ऑफिसात येऊन बोलावे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी सायकलीवरच असेन; रस्त्यात हाक मारली तरी चालेल, थांबेन.

आपला,
ऊस विकास अधिकारी