काल जमले, आज का जमत नाही?

उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीला पाणी असले की पिंपळगाव राजा काय आणि आसपासची गावे काय, पोरांच्या उड्या सुरू होतात. कधी असे होते, की रोज कोलांटउडी मारणारा पोरगा एके दिवशी काठावरच थिजतो. सोबती ‘भित्रा’ म्हणून चिडवतात. घरचे म्हणतात, “कालपर्यंत तर मारत होतास!”

मंडळी, हा भित्रेपणा नव्हे. मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलामुलींनाही असा अडथळा येतो.

आपण उभे की उलटे, हे मेंदूला तिघे सांगतात : डोळे, सांधे-स्नायू आणि कानाच्या आतल्या, पाण्यासारखा द्रव भरलेल्या तीन वाटोळ्या नळ्या. हवेत गिरकी घेताना विचाराला सवड नसते. सरावलेले अंग आपोआप वळते. मनावर ताण आला, की ही घडी विस्कटू शकते. मग जमीन कोणीकडे हेच उमगत नाही. अशा वेळी जबरीने उडी मारली, तर मान किंवा पाठीचा कणा दुखावण्याचा धोका असतो.

अमेरिकेची सिमोन बाईल्स ही जगातली अव्वल खेळाडू. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीत तिला उडीत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या. हवेत आपण कुठे आहोत हे कळेना, म्हणून ती स्पर्धेतून बाजूला झाली. पुष्कळांनी नावे ठेवली. आठवड्याने ती तुळईवर उतरली. शेवटच्या उडीतली गिरकी तिने वगळली आणि कांस्यपदक घेतले. २०२४ साली पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके मिळवली.

तिने केले तेच आपण करावे. मूल “जमत नाही” म्हणाले, की ती उडी त्या दिवशी बंद. हिणवू नये, पैज लावू नये, मागून ढकलू तर मुळीच नये. पुढे सोप्यापासून सुरुवात करावी. विहिरीत आधी पायांवर साधी उडी, तीही पोहणारा जाणता माणूस जवळ असताना. मल्लखांबावर आधी साधी पकड, खाली गादी आणि शेजारी वस्ताद. एक पायरी पक्की झाल्यावरच दुसरी. दिवस लागोत की महिने, घाई करू नये. मात्र जमिनीवर चालतानाही चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

अडलेल्या बैलाला जाणता शेतकरी लगेच पराणी टोचत नाही. आधी जू सैल करून मान पाहतो. लेकराच्या बाबतीत तेवढा धीर आपल्याला नक्कीच धरता येईल.