पहिल्या भेटींत काय पाहावें? : बारामती आणि इंदापूर

परगांवचा पाहुणा प्रथमच घरीं आला म्हणजे "येथें पाहण्यासारखें काय आहे?" हा प्रश्न तो विचारतोच, आणि ज्या गांवांत आपला जन्म गेला त्या गांवाविषयीं या प्रश्नाचें उत्तर आपणांस चटकन् देतां येत नाहीं, असा अनुभव बहुतेक वाचकांना असेल. मला तो मार्गशीर्षांत आला.

माझ्या धाकट्या बंधूची कन्या लंडनमध्यें लहानाची मोठी झाली. बारामतीस ती प्रथमच येत होती. तिकडे घरीं पाहुणे आले कीं त्यांना शहर दाखविण्याचें काम तिचें. त्यामुळें तिच्याजवळ एक टिपणच तयार असतें. पहिल्या दिवशीं टॉवर आणि वेस्टमिन्स्टर, दुसऱ्या दिवशीं ब्रिटिश म्युझियम; आणि पाहुणा मराठी असेल तर तिसऱ्या दिवशीं दोन साधीं घरें. एक हाउली प्लेसमधील १० क्रमांकाचें. तेथें लोकमान्य टिळक १९१८-१९ सालीं राहिले. दुसरें किंग हेन्रीज रोडवरील, तेंहि १० क्रमांकाचेंच, तेथें डॉ. आंबेडकर १९२१-२२ सालीं विद्यार्थी म्हणून राहत, आणि २०१५ सालीं तें महाराष्ट्र सरकारनें विकत घेऊन त्यांचें स्मारक केलें. "काका, टॉवरपुढें सगळे फोटो काढतात, पण या दोन घरांपुढें नुसते उभे राहतात," ती म्हणाली. "तसें इकडे काय आहे? मला दोनच दिवस आहेत."

मी विचारांत पडलों. उत्तर दिलें आमच्या काकूंनीं. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें. माहेर इंदापूर तालुक्यांतील पळसदेव. "लिहून घे," त्या म्हणाल्या.

पहिला दिवस बारामतीचा. कऱ्हेकांठच्या जुन्या गांवांत जावें. पेशव्यांचे आप्त बाबूजी नाईक यांचा वाडा तेथें आहे. नाईकांच्या आश्रयास राहिलेले मोरोपंत १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मले व १७९४ सालीं बारामतींतच त्यांनीं देह ठेविला. आर्याभारत आणि केकावलि लिहिणाऱ्या कवीचें सारें कर्तृत्व या लहानशा गांवांत घडलें. सिद्धेश्वर व काशीविश्वेश्वर हीं देवळेंहि पाहून घ्यावीं. याच गांवीं श्रीधरस्वामींनीं शके १६४० मध्यें शिवलीलामृत पूर्ण केलें. ग्रंथाच्या शेवटीं त्यांनीं बारामतीस द्वादशमती व कऱ्हेस ब्रह्मकमंडलु म्हटलें आहे. काकू दर सोमवारीं अकरावा अध्याय वाचतात. पुतणीनें लंडनमध्यें आईच्या तोंडून तोच अध्याय लहानपणापासून ऐकलेला. पण पोथी या नदीकांठीं लिहिली गेली हें तिला ठाऊक नव्हतें. घाटावर ती पुष्कळ वेळ बसली.

दुसरा दिवस इंदापूर तालुक्याचा. सकाळीं लौकर निघून सुमारें ५० किलोमीटरवरील इंदापूर गांठावें. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईंत कामास आले; त्यांच्या नांवाची गढी गांवांत आहे. तेथून तालुक्याच्या टोंकास, जेथें नीरा भीमेस मिळते, तेथें नीरा नरसिंहपूर. अनेक देशस्थ घराण्यांचें तें कुलदैवत. दर्शनानंतर संगमावर उतरल्यावांचून परतूं नये. परततांना सोलापूर-पुणें रस्ता धरावा, म्हणजे वाटेंत पळसदेव आणि भिगवण दोन्ही होतात.

येथें पुतणीनें आपल्या टिपणांतील एक ओळ वाचून दाखविली. पाण्यांतून वर आलेल्या एका देवळाचें चित्र तिनें कोठेंतरी पाहिलें होतें आणि तेंच तिला सर्वांत आधीं पाहावयाचें होतें. तें देऊळ काकूंच्या माहेरचें, पळसनाथाचें. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि जुनें पळसदेव पाण्याखालीं गेलें. माणसें वरच्या अंगास नव्या गांवीं आलीं, देवहि नव्या देवळांत आले. जुनें दगडी देऊळ मात्र होतें तेथेंच राहिलें. जलाशय फार आटला म्हणजे तें उघडें पडतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत तसें झालें तेव्हां दूरदूरचे लोक पाहावयास आले. मीहि काकूंना म्हटलें, "चला, गाडीनें नेतों, लहानपणीं खेळलांत तें अंगण पुन्हां पाहाल."

त्यांनीं साफ नाहीं म्हटलें. "देऊळ बाहेर आलें म्हणजे किती लोकांच्या तोंडचें पाणी पळालें असेल! भावाचा ऊस जळतो आहे आणि मी अंगण पाहायला जाऊं? पाणी भरलें कीं ने मला."

म्हणून या खेपेस त्या आमच्याबरोबर आल्या. आम्ही कांठावर उतरलों तेव्हां दिवस कलला होता व पाणी दूरवर पसरलें होतें. काकूंनीं हात जोडले, आणि बोटानें दाखवीत त्या पुतणीला सांगूं लागल्या: इकडे नदीची वाट, तिकडे आमचें दार, तेथें देवळाच्या पायऱ्या. पुतणीला पाण्यावांचून दुसरें कांहींच दिसत नव्हतें. तरी ती प्रत्येक बोटामागें पाहत होती. भिगवणजवळ कुंभारगांवच्या नावाड्यांनीं आम्हांस रोहित पक्ष्यांचा थवा दाखविला. तो सुंदरच होता. पण गाडींत तिनें विचारलें तें काकूंच्या दाराविषयीं, तें कोणत्या दिशेस उघडत असे म्हणून.

वाचकांसाठीं व्यवहाराची गोष्ट इतकीच. थंडीचे महिने बरे. रोहित तेव्हांच येतात. दौंडहून बारामतीपर्यंत आगगाडी आहे. दुसऱ्या दिवसाला मात्र स्वतंत्र वाहन हवें. पळसनाथाचें जुनें देऊळ दिसलें नाहीं तर हळहळूं नये; त्या वर्षीं पाऊस चांगला झाला असें समजावें. आणि घरांत त्या बाजूचें कोणी वडीलधारें असेल, तर त्यांना गाडींत पुढची जागा द्यावी.