रिंगटोन कोणाच्या कानाला खुपते?

माणूस मोबाइलची सेवा का घेतो? व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याचे उत्तर ठरलेले आहे. अमेरिकेतील फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडले की, वस्तू उपयोगी आणि वापरायला सोपी वाटली की लोक ती स्वीकारतात. पुढे अभ्यासक देशोदेशीच्या संस्कृती तपासू लागले. जपानमध्ये 1999 साली आय-मोड आले आणि लोक फोनवर ईमेल वाचू लागले. केनियात 2007 साली एम-पेसा आले, कारण शहरातल्या मजुराला गावी पैसे पाठवायचे होते.

ठीक आहे. पण हे अभ्यासक देश मोजतात, जात मोजत नाहीत. एकाच गावात दोन संस्कृती नांदतात, त्याचे काय?

मी मिरजेत वकिली करतो. माझ्या लहानपणी मुंबईला गेलेल्या काकांचा फोन गावात दुसऱ्याच्या वाड्यावर यायचा. आजी उंबऱ्याबाहेर उभी राहून निरोप ऐकायची. मे 2003 पासून मोबाइलवर इनकमिंग मोफत झाले आणि वस्तीत फोन आले. कंपनीच्या लेखी तो स्वस्त दर होता. आमच्या लेखी आजीची त्या उंबऱ्यापासून सुटका होती.

रिंगटोनचेही तसेच. साध्या घंटीनेही फोन कळतोच. मग आमची पोरे पैसे मोजून भीमगीत का लावत होती? चार लोकांत खिशातून बाबासाहेबांचे नाव वाजावे म्हणून! इतरांना जी करमणूक, ती आमच्या पोरांना मान ताठ करणारी गोष्ट होती.

त्याची किंमत काय, हे मे 2015 मध्ये शिर्डीत दिसले. भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद झाला आणि एका तरुणाला पळवून नेऊन ठार मारण्यात आले. कोणत्या बाजारपाहणीत 'रिंगटोन लावताना भीती वाटते का' हा प्रश्न असतो?

बांधवांनो, भीतीने रिंगटोन बदलू नका. संविधानाच्या कलम 19 ने अभिव्यक्तीचा हक्क दिला आहे. कोणी धमकी दिली, जातीवरून शिवी दिली, तर त्याच फोनवर मुद्रण करा आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली फिर्याद द्या. मूळ मुद्रण पुसू नका, फोन विकू नका. त्याची प्रत न्यायालयात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र लागते. ते आधीच तयार ठेवा. ज्या फोनवर गीत वाजते, तोच उद्या साक्षीदार होईल.